लिनक्सवर यूएसबी मोडेम: जो पोर्ट तुम्ही शोधताय, तो या डोंगलमध्ये नाहीच

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर (पुढे नुसतं ‘पाय’) हवामान केंद्र बसवलंय. तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पानांवरचा ओलावा असे आकडे दर पंधरा मिनिटांनी नाशिकला घरी यायला हवेत, कारण डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी कधी घ्यायची ते त्यावर ठरतं. त्यासाठी एम. जी. रोडवरून हुआवेचा एक जुना फोरजी डोंगल आणला. विंडोजच्या लॅपटॉपला लावला की लगेच नेट सुरू. पायला लावला की सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो, यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’मध्ये १२डी१:१एफ०१ असा आकडा येतो आणि मोडेमवरून डायल करणारं ‘डब्ल्यूव्हीडायल’ म्हणतं मोडेमच सापडला नाही. एकदा कसाबसा लागला, तर बागेत रात्रीतून बंद पडला. चालू होता तेव्हाही घरून पायमध्ये शिरता आलं नाही. आणि शेवटी विचारलंय, की याचा लिनक्सचा ड्रायव्हर कुठून डाउनलोड करायचा?

शेवटच्याचं उत्तर आधी: कुठूनच नाही. लागणारे सगळे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून आहेत. यूएसबी मोडेम चालत नाही म्हणून माझ्याकडे जे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा वेळ ड्रायव्हर शोधण्यातच गेलेला असतो. खरी अडचण वेगळी असते. मोडेम तीन-चार प्रकारचे असतात, प्रत्येकाची वाट वेगळी असते, आणि आपण एका प्रकारच्या मोडेमवर दुसऱ्याचा उपाय करत बसतो. तुम्ही वाचलेली माहिती थ्रीजीच्या काळातली आहे. तेव्हाचा डोंगल ‘टीटीवाययूएसबी०’ असा सिरियल पोर्ट द्यायचा, त्यावर ‘डब्ल्यूव्हीडायल’ने *९९# डायल करायचं, की पीपीपी ही डायल-अप पद्धतीची जोडणी उभी राहायची. तुमचा डोंगल त्या जातकुळीतला नाही. त्याच्या आत एक छोटा राउटर आहे. टॉवरशी तो स्वतःच बोलतो, आयपी स्वतःच घेतो आणि कॉम्प्युटरला फक्त एक नेटवर्क कार्ड दाखवतो. हुआवे या पद्धतीला हायलिंक म्हणते. या रूपात सिरियल पोर्ट येतच नाही, त्यामुळे ‘डब्ल्यूव्हीडायल’ला काही सापडायचा प्रश्नच नाही.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.)

आता तो सीडी ड्राइव्ह का दिसतो ते. हे डोंगल विंडोजच्या गिऱ्हाइकासाठी बनवलेले. सोबत सीडी द्यायला नको म्हणून कंपन्यांनी इन्स्टॉलर डोंगलच्याच मेमरीत भरून ठेवला. लावल्याबरोबर डोंगल ‘मी सीडी आहे’ असं सांगतो, विंडोज त्यातला इन्स्टॉलर चालवतं, आणि तो इन्स्टॉलर डोंगलला एक ठराविक संदेश पाठवून मोडेमच्या रूपात नेतो. लिनक्सवर हा संदेश पाठवायचं काम ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. योसुआ डीट्झे यांनी तो लिहिला. शेकडो डोंगलांना कोणता संदेश चालतो याची यादी त्याच्या डेटा पॅकेजमध्ये असते. डेस्कटॉप उबंटूवर तो बहुधा असतोच, पण पायवर हलकी आवृत्ती टाकली असेल तर खात्री नाही. बागेत नेण्याआधी घरच्या वायफायवर ‘ॲप्ट’ने ‘यूएसबी-मोडस्विच’ आणि ‘यूएसबी-मोडस्विच-डेटा’ ही दोन्ही पॅकेजं टाकून घ्या. नेट लावायला लागणारं पॅकेज नेटवरूनच उतरवावं लागतं, आणि हे नेमकं शेताच्या बांधावर उभं असताना लक्षात येतं.

मग डोंगल काढा, एका टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवा आणि डोंगल परत लावा. इथे घाई नको, प्रत्येक ओळ वाचा. आधी नवीन हाय-स्पीड यूएसबी उपकरण आल्याची ओळ येईल, त्यात १२डी१ आणि १एफ०१ दिसेल. मग ‘यूएसबी-स्टोरेज’ त्याला धरेल आणि ‘एसआर०’ नावाचा सीडी ड्राइव्ह तयार होईल. दोन-तीन सेकंदांत ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ अशी ओळ येईल. इथे लोक दचकतात आणि डोंगल उपटतात. उपटू नका, हेच व्हायला हवं असतं. संदेश मिळाल्यावर डोंगल स्वतःच बंद होऊन नव्या रूपात परत येतो. लगेच खाली नवा क्रमांक घेऊन तेच उपकरण येईल, पण आता दुसरा आकडा १४डीबी किंवा १४डीसी असेल, आणि ‘सीडीसी_ईथर’ या ड्रायव्हरने एक नेटवर्क कार्ड नोंदवल्याची ओळ दिसेल. एवढं झालं की डोंगल आणि लिनक्सची ओळख पटली.

१एफ०१ वरच अडकला, तर हाताने ढकला: ‘यूएसबी_मोडस्विच -व्ही १२डी१ -पी १एफ०१ -जे’, यातला जे मोठ्या लिपीतला, आणि आज्ञा ‘सूडो’ लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने. हा ‘जे’ म्हणजे हुआवेच्या नव्या पद्धतीचा संदेश. जुन्या लेखांत यासाठी लांबलचक आकड्यांची माळ दिलेली असते, ती नक्कल करताना एक अक्षर चुकलं की काही होत नाही आणि चूक कुठे ते कळतही नाही. झेडटीईच्या काही डोंगलांना तर एवढंही लागत नाही. ‘इजेक्ट’ करून ती नकली सीडी बाहेर काढली की ते आपोआप मोडेम होतात.

यानंतर ‘एलएसयूएसबी -टी’ चालवा. मोडेमच्या कामात मी सगळ्यात जास्त वापरतो ती ही आज्ञा. उपकरणाच्या कोणत्या भागाला कोणत्या ड्रायव्हरने धरलंय ते ती ओळीओळीने सांगते. ‘सीडीसी_ईथर’ किंवा ‘आरएनडीआयएस_होस्ट’ दिसलं तर राउटर प्रकार. ‘ऑप्शन’ दिसलं तर सिरियल पोर्टवाला. ‘क्यूएमआय_डब्ल्यूवॅन’ किंवा ‘सीडीसी_एमबीआयएम’ दिसलं तर नव्या धाटणीचा खरा मोडेम. ‘सीडीसी_एसीएम’ म्हणजे ‘टीटीवायएसीएम०’ असा पोर्ट देणारा. लँडलाइनचे यूएसबी फॅक्स मोडेम यातच येतात. आणि नुसतं ‘यूएसबी-स्टोरेज’ असेल तर अजून सीडीच आहे, मागे जा.

तुमच्या प्रकारात पुढचं काम फार थोडं. पायवर ‘इथ१’ किंवा ‘ईएनएक्स’ने सुरू होणारं लांब नावाचं कार्ड येईल, आणि त्याला डोंगलकडून १९२.१६८.८ ने सुरू होणारा पत्ता मिळेल. आता तीन पिंग (‘आहेस का’ अशी हाक), याच क्रमाने. पहिला १९२.१६८.८.१ ला. हा डोंगल स्वतः, तो उत्तर देत नसेल तर अडचण यूएसबीची आहे, सिमची नाही. दुसरा ८.८.८.८ ला. इथे अडलं तर सिम, रिचार्ज, एपीएन (सिम कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव) किंवा रेंज. तिसरा कोणत्याही नावाच्या पत्त्याला. दुसरा जातो आणि तिसरा अडतो, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सोय. कुठे अडलं ते कळल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका.

एपीएन हायलिंक डोंगलमध्ये लिनक्सवर टाकायचाच नसतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडलं की डोंगलचं स्वतःचं पान येतं, तिथे टाकायचा. जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलला बीएसएनएलनेट. एकदा टाकला की डोंगलच्याच मेमरीत राहतो, म्हणून तुमच्या विंडोज लॅपटॉपवर हे काम उरकून घ्या. सिमला पिन लावलेला असेल तर तोही तिथेच काढून टाका. बागेत लाइट गेली, परत आली आणि डोंगल पिन मागत बसला, असं नको.

इथे हमखास फसायच्या दोन जागा आहेत.

पहिली: ‘एमएमसीएलआय -एल’ (एल मोठ्या लिपीतला) चालवलं तर ‘नो मोडेम्स वेअर फाउंड’ असं उत्तर येईल. घाबरू नका. मोडेम सांभाळणाऱ्या मोडेममॅनेजर या प्रोग्रॅमच्या दृष्टीने हा मोडेम नाहीच, नेटवर्क कार्ड आहे. या एका ओळीमुळे चांगले चालते डोंगल लोकांनी दुकानात परत नेलेले मी पाहिलेत.

दुसरी पैशाची आहे. नेटच्या जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर प्रत्येक जोडणीला एक क्रमांक देतो आणि कमी क्रमांकाची वाट आधी वापरतो. केबलच्या कार्डाला १००, वायफायला ६००, मोडेमला ७००. तुमचा डोंगल नेटवर्क कार्ड असल्याचं सांगतो, म्हणून त्याला १०० मिळतो. म्हणजे घरी चाचणी करताना वायफाय चालू असलं तरी सगळी वाहतूक सिमवरून जाते. रात्री पायने अपडेट उतरवले, की सकाळी दिवसाचा डेटा संपल्याचा मेसेज. त्या जोडणीचा ‘आयपीव्ही४.रूट-मेट्रिक’ ७०० च्या वर नेऊन ठेवा, काम झालं. ‘आयपीव्ही६’चाही तसाच बदला, नाहीतर जिओवर अर्धी वाहतूक तरीही सिमवरूनच जाईल.

जाता जाता: ई३३७२ या लोकप्रिय डोंगलच्या हायलिंक प्रकारात मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) सगळ्यांचा एकच असतो, ०सी:५बी:८एफ:२७:९ए:६४. वर सगळ्यांचा पत्ताही १९२.१६८.८ चाच. दोन कंपन्यांची दोन सिम, दोन डोंगल आणि एक पाय अशी जोडी लावायचा विचार असेल तर तो नाद सोडा.

आता दुसरा प्रकार, कारण हे उत्तर वाचणाऱ्या सगळ्यांकडे हायलिंक नसेल. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मशीनचा डेटा पाठवायला आता डोंगलऐवजी क्वेक्टेल किंवा सिमकॉम या कंपन्यांची मोडेम मॉड्यूलं यूएसबी बोर्डावर बसवलेली दिसतात. हे खरे मोडेम. क्वेक्टेल ईसी२५ लावलं की २सी७सी:०१२५ असा आकडा येतो आणि एकदम चार सिरियल पोर्ट दिसतात. सगळे ‘एटी’ आज्ञांना (मोडेमशी थेट बोलायच्या आज्ञा) उत्तर देत नाहीत. ०वा निदानासाठी, १ला जीपीएससाठी, २रा ‘एटी’ आज्ञांसाठी आणि ३रा पीपीपीसाठी. ०व्या पोर्टवर ‘एटी’ लिहून उत्तराची वाट पाहत बसाल तर ते येणार नाही, आणि मॉड्यूल मात्र ठणठणीत असेल. सोबत ‘क्यूएमआय_डब्ल्यूवॅन’चं ‘डब्ल्यूवॅन०’ कार्डही येतं. फोरजीचा खरा वेग हवा असेल तर ते वापरायचं. पीपीपी चालतं, पण ती वाट आता जुन्या आणि हळू उपकरणांपुरती ठेवा.

या प्रकाराला मोडेममॅनेजर आणि नेटवर्कमॅनेजर दोन्ही हवेत, आणि दोघांची कामं वेगळी आहेत. गोंधळ इथेच होतो. ‘एमएमसीएलआय -एम ० --सिंपल-कनेक्ट’ने एपीएन देऊन जोडलं की स्थिती ‘कनेक्टेड’ दाखवते, तरी पिंग जात नाही. कारण मोडेममॅनेजर फक्त टॉवरपर्यंतची जोडणी उभी करतो. मिळालेला आयपी ‘डब्ल्यूवॅन०’वर चढवायचं काम त्याचं नाही, ते नेटवर्कमॅनेजर करतो. म्हणून सरळ ‘एनएमसीएलआय’ने ‘जीएसएम’ प्रकारची जोडणी बनवा, ‘आयएफनेम’मध्ये तारा चिन्ह अवतरणात, एपीएन तुमच्या सिमचा. तिथेच ‘ऑटोकनेक्ट-रिट्राइज’ शून्य करा. न केल्यास चार प्रयत्न फसल्यावर तो थांबतो आणि काही मिनिटांनीच परत हात घालतो. शून्य म्हणजे कायम प्रयत्न करत राहा.

‘एटी’ आज्ञा हाताने द्यायच्या असतील तर आधी मोडेममॅनेजर थांबवा, नाहीतर तो आणि तुम्ही एकाच पोर्टवर एकदम बोलाल, उत्तरं अर्धवट येतील किंवा ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ ऐकावं लागेल. ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर स्वतःला ‘डायलआउट’ गटात टाका आणि लॉगआउट करून परत या. उबंटू, डेबियन आणि पाय तिन्हींवर हाच गट. मग ‘मिनिकॉम’ किंवा ‘पिकोकॉम’ने पोर्ट उघडून ‘एटी+सीपिन?’ विचारा, ‘रेडी’ आलं म्हणजे सिम वाचलं गेलं. ‘एटी+सीएसक्यू’ ० ते ३१ मध्ये रेंज सांगतं. त्या आकड्याची दुप्पट करून ११३ मधून वजा करा आणि पुढे उणे चिन्ह लावा, की डीबीएम (सिग्नल मोजायचं एकक) मिळतात. १० आलं तर उणे ९३. ९९ म्हणजे मोजताच आलं नाही. ‘एटी+सीईआरईजी?’च्या उत्तरात दुसरा आकडा १ किंवा ५ असला की मोडेम फोरजी नेटवर्कवर नोंदला गेला. २ म्हणजे शोधतोय, ३ म्हणजे नेटवर्कने नकार दिला. ३ आला की लिनक्समध्ये काही शोधू नका, सिम घेऊन दुकानात जा.

सिमबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जिओचं नेटवर्क २०१६ च्या सप्टेंबरात सुरू झालं ते फोरजीनेच. टूजी-थ्रीजी त्यांच्याकडे कधी नव्हतंच. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला सुरुवात केली. म्हणजे घरात पडलेला जुना थ्रीजी डोंगल जिओच्या सिमवर कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणार नाही, आणि एअरटेलवर फार तर टूजीच्या वेगाने रखडेल. हवामान केंद्राच्या चार आकड्यांना तेवढाही वेग पुरतो म्हणा, पण नवीन काम त्याच्यावर उभं करू नका. सेकंडहँड फोरजी डोंगलचंही बघून घ्या. युरोपासाठी बनवलेल्या बऱ्याच मॉडेलांत बँड २० (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा) असतो, जो आपल्याकडे वापरातच नाही, आणि बँड ५ व ४० नसतात. जिओ ३, ५ आणि ४० वर चालतं. गावाबाहेर लांबवर पोहोचतो तो ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५, आणि तोच नसेल तर नाशिक शहरात फुल रेंज दाखवणारा डोंगल दिंडोरीच्या बागेत टॉवर शोधत बसेल. मॉडेलचा पूर्ण क्रमांक स्टिकरवर असतो, त्यावरून बँड तपासा. जुना डोंगल एखाद्या कंपनीच्या सिमला लॉक केलेला असेल तर दुसरं सिम स्वीकारणारच नाही, हेही दुकानातच विचारून घ्यायचं.

आता रात्री बंद पडण्याबद्दल. इथे माझा पहिला संशय विजेवर, आणि तो क्वचितच खोटा ठरतो. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील आहे. फोरजी मोडेम रेंज कमी असेल तेव्हा जास्त जोराने पाठवतो, म्हणजे टॉवर जितका लांब तितकी वीज जास्त. घरी टेबलावर जो डोंगल दिवसभर बिनतक्रार चालतो, तोच बागेत मधेच दम सोडतो, त्याचं कारण हे. त्यात शेतीची थ्री फेज रात्रीच्या पाळीची असेल तर मोटर सुरू झाली की व्होल्टेज एकदम पडतं, आणि मोबाइलच्या चार्जरवर चाललेला पाय त्याच क्षणी उपाशी राहतो. अंदाज कशाला, पायलाच विचारा: ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’. उत्तर ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००० सारखं काही आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडून गेलंय. ‘डीमेसेज’मध्ये ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ आणि त्याच्यापाठोपाठ ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ दिसलं तर पुरावा हातात आला.

उपाय स्वस्त आहे. पाय ४ ला त्याचा ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडाप्टर द्या, मोबाइलचा नको. डोंगलसाठी स्वतःचा ॲडाप्टर असलेला यूएसबी हब घ्या. पाय ४ चे चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, आणि सेन्सर त्यातूनच जगतात. सोलर आणि बॅटरीवर चालवत असाल तर बॅटरीपासून पायपर्यंतची वायर आखूड आणि जाड ठेवा. बारीक लांब वायरीत अर्धा व्होल्ट सहज जातो.

पाय ४ चे निळे पोर्ट यूएसबी ३ चे. डोंगल त्यात लावू नका. यूएसबी ३ ची वाहतूक २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करते, इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. बँड ४० आहे २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे अगदी शेजारी. शेजारच्या पोर्टवर यूएसबी ३ ची डिस्क चालू असेल तर डोंगलची रेंज पडलेली दिसते आणि लोक टॉवरला शिव्या देतात. काळ्या पोर्टमध्ये लावा, किंवा त्याहून बरं म्हणजे दीड-दोन मीटरच्या चांगल्या एक्स्टेंशनवर डोंगल पेटीबाहेर, उंचावर घ्या, पावसापासून झाकून. पायची पेटी पत्र्याची असेल तर डोंगल आत ठेवणं म्हणजे रेंज स्वतःच्या हाताने मारणं. आणि लोखंडी अँगलच्या मांडवाखाली, ऑक्टोबर छाटणीनंतर वेली पानांनी भरल्या की, मार्चमध्ये मिळणारी रेंज मिळत नाही हे धरून चाला. उंची शोधताना रेंजच्या काड्या मोजू नका. डोंगलच्या पानावर आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, बघा: उणे ९० च्या आत उत्तम, उणे ११० च्या पलीकडे गेलात तर जागा बदला.

वीज आणि रेंज दोन्ही ठीक असूनही ठराविक वेळाने डोंगल झोपत असेल तर ऑटोसस्पेंड. पॉवर वाचवायला कर्नल वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवतो आणि काही डोंगल त्यातून उठतच नाहीत. त्या उपकरणाच्या ‘पॉवर/कंट्रोल’ फाइलमध्ये ‘ऑन’ लिहिलं की झोपणं बंद. कायमचं करायला यूडेव्हचा (उपकरण लावताच चालणारा) एक नियम लागतो. जुन्या लॅपटॉपवर बॅटरी वाचवणारं ‘टीएलपी’ टाकलेलं असेल तर त्याच्या यादीतही डोंगल वगळावा लागतो, नाहीतर ते सगळं परत फिरवतं.

राहिला घरून शिरण्याचा प्रश्न. हे डोंगलने होणार नाही आणि लिनक्सनेही नाही. मोबाइल सिमला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही, कंपनी हजारो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवते. मिळालेला पत्ता १० किंवा १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर हेच झालंय असं समजा, आणि हायलिंकमध्ये तर त्यावर डोंगलचं स्वतःचं नॅटही (एका पत्त्यामागे बसवण्याची हीच पद्धत) चढलेलं. बाहेरून आत येण्याची वाट नाही, पण आतून बाहेर जाण्याची आहे. म्हणून पायने बाहेर जोडणी करून ती उघडी धरून ठेवायची. वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे दोन टोकांमधला बंदिस्त बोगदा, यासाठी उत्तम, कर्नलमध्येच असतं. दुसरं टोक घरच्या ब्रॉडबँडवर, पण तिथे सार्वजनिक पत्ता असेल तरच, नाहीतर महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या छोट्या सर्व्हरवर. पायच्या बाजूला ‘पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह’ २५ ठेवा. तो नसेल तर काही वेळ शांत राहिल्यावर कंपनीचं नॅट ती वाट विसरतं.

इथे एक खोच आहे, ती कुणी सांगत नाही आणि बागेतल्या केंद्रांना हमखास नडते. पाय ४ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाइट अचानक गेली तर परत सुरू होताना तो शेवटी जपून ठेवलेली वेळ घेतो, आणि ती काही मिनिटं ते तासभर मागची असू शकते. वायरगार्डचं दुसरं टोक शेवटच्या हस्तांदोलनाची (जोडणी सुरू करतानाच्या ओळखीची) वेळ लक्षात ठेवतं आणि त्याआधीच्या वेळेचं हस्तांदोलन नाकारतं, कुणी जुना संदेश परत पाठवून फसवू नये म्हणून. त्यामुळे नेट आहे, रेंज आहे, डोंगल जागा आहे आणि तरी बोगदा उभा राहत नाही. नेटवरून वेळ जुळली की प्रश्न मिटतो, पण तुम्ही सगळी वाहतूक बोगद्यातूनच वळवली असेल तर वेळही त्याच बंद वाटेने मागितली जाते. म्हणून ‘अलाउड-आयपीज’मध्ये फक्त घरच्या नेटवर्कचा पत्ता ठेवा, बाकी सगळं थेट सिमवरून जाऊ द्या. डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल बसवलंत तर तेही नको. ते स्वस्त मिळतं, आणि दर नोंदीवरची वेळ खरी राहते हा वेगळा फायदा. पानांवरचा ओलावा किती तास टिकला यावर फवारणी ठरत असेल, तर चुकीच्या वेळेचा आकडा नसलेल्या आकड्याहून वाईट.

शेवटची तजवीज म्हणून दर दहा मिनिटांनी आधी सांगितलेला दुसरा पिंग करणारी छोटी स्क्रिप्ट सिस्टिमडीच्या टायमरवर ठेवा. सलग तीनदा फसला तर ती मोडेम नव्याने सुरू करेल. क्वेक्टेलसारख्याला ‘एमएमसीएलआय -एम एनी --रिसेट’ पुरतं. हायलिंकला ते चालत नाही, तिथे हबच्या पोर्टची वीज बंद-चालू करावी लागते. ‘यूहबसीटीएल’ ते करतं, पण प्रत्येक पोर्टची वीज वेगळी तोडता येणारा हब असेल तरच, म्हणून हब घेताना ‘यूहबसीटीएल’च्या यादीत आहे का ते बघून घ्या. आणि आकडे आधी पायवरच साठवा, मग पाठवा. नेट दोन तास गेलं तरी नोंद जाणार नाही.

एवढं करून अडलात तर पुढच्या वेळी तीन गोष्टींचा पूर्ण मजकूर द्या: डोंगल लावल्यापासून पुढच्या अर्ध्या मिनिटाचा ‘डीमेसेज’, ‘एलएसयूएसबी -टी’ आणि ‘आयपी रूट’. सोबत डोंगलच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक आणि सिम कुणाचं ते. आयएमईआय क्रमांक मात्र झाकून टाका.